भातकापणीतला गंधार

ऑक्टोबरच्या मध्यावर कधीतरी पनवेलजवळच्या विचुंब्याच्या आमच्या बाल्कनीत पेंढ्याचा वास येतो. इथून आता शेतं दिसत नाहीत. समोर अर्धवट इमारती, त्यांच्यावर टांगलेल्या हिरव्या जाळ्या आणि त्यापलीकडे धुरकट डोंगर. तरी वारा नेऱ्याच्या बाजूनं आला की कापलेल्या भाताचा तो कोरडा, किंचित गोडसर वास सिमेंटच्या धुळीतून वाट काढत येतोच. खालच्या मजल्यावरच्या काकू मुद्दाम खिडक्या उघडतात. "गावाकडची आठवण येते गं," म्हणतात. मी खिडक्या लावून घेते.

पाच वर्षांपूर्वी, असाच वास सुटलेला असताना, मी सुनीतीबाईंशी खोटं बोलले. एका स्वराबद्दल. तो स्वर आता छापलेला आहे, परदेशातल्या ग्रंथालयांतून ठेवलेला आहे, आणि चुकीचा आहे. बाईंना जाऊन दोन वर्षं झाली.

सुनीतीबाई मुंबईच्या एका कॉलेजात जर्मन शिकवायच्या. लग्न केलं नाही. पियानो लहानपणापासून. चाळिशी ओलांडल्यावर शिष्यवृत्ती मिळवून जर्मनीला गेल्या, तेव्हा एका लहानशा गावातल्या चर्चच्या फडताळात त्यांना हस्तलिखितांचा एक गठ्ठा सापडला. अठराव्या शतकात त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एक माणूस होता. चाळिशीच्या आतच वारला. त्यानं पियानो आणि वाद्यवृंदासाठी एक कॉन्चेर्टो रचला होता, आणि त्या गठ्ठ्यात प्रत्येक वाद्याचे सुटे कागद होते: पियानोचे, व्हायोलिनचे, ओबोचे, हॉर्नचे. स्वतः रचनाकाराच्या हातचं काहीच नव्हतं. सगळं कुणा नक्कल करणाऱ्यानं उतरवलेलं. बाईंनी त्यांच्या प्रती करून घेतल्या, मुंबईला आणल्या, आणि पुढची तीसेक वर्षं, सुट्ट्यांत आणि रविवारी, त्या कागदांतून मूळ रचना शोधत राहिल्या.

जुन्या पोथ्या जमवून, पाठभेद ताडून जशी एखाद्या ग्रंथाची संहिता ठरवतात, तसंच हे काम. इथे फक्त शब्दांऐवजी स्वर. व्हायोलिनच्या कागदावर एक असतं, पियानोच्या कागदावर दुसरं. कोण चुकलं? नक्कल करणारा दमला होता का? त्याच्या मेणबत्तीची वात वाढली होती का? प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यायचा, आणि तो का घेतला हे मागे टिपेत लिहायचं. बाईंच्या टिपा दोनशे पानांच्या वर होत्या.

निवृत्तीनंतर त्या नेऱ्याला, डोंगराच्या पायथ्याशी घेतलेल्या घरात राहायला आल्या. दोन खोल्या, पडवी, मागे शेजारच्या पारूताईंचं भाताचं शेत. पियानो टेम्पोतून आला. पावसाळ्यात त्याच्या तारा गंजू नयेत म्हणून बाई त्याच्या पोटात विजेचा एक छोटा दिवा कायम पेटता ठेवायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा लाकडाच्या फटीतून पिवळा उजेड दिसला आणि मला वाटलं, आत देव ठेवलाय.

मी तेव्हा पनवेलच्या एका छापखान्यात डीटीपी करत होते. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, दहाव्याची कार्डं. हार्मोनियम शिकले होते, चार परीक्षा दिल्या होत्या, एवढंच माझं संगीत. बाईंना संगणकावर पाश्चात्त्य स्वरलिपी बसवणारं कुणीतरी हवं होतं, नेऱ्यापर्यंत येणारं. माझ्या पेटीच्या गुरुजींनी माझं नाव सांगितलं.

"पाच रेघा कळतात?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. पण शिकेन."

"कोमल-शुद्ध कळतं ना? मग पुरे. बाकीचं कागद शिकवेल."

आणि खरंच, कागदानं शिकवलं. तीन वर्षं मी आठवड्यातले चार दिवस सहा आसनी रिक्षानं नेऱ्याला जात राहिले. गाढी नदीवरचा पूल ओलांडला की छापखाना, घर, सगळं मागे पडायचं. काम असं चालायचं: जुना कागद समोर धरून एकीनं एकेक बार, म्हणजे दोन उभ्या रेघांमधला खंड, मोठ्यानं वाचायचा आणि दुसरीनं मी बसवलेल्या पानावर पेन्सिल ठेवून ताडून पाहायचं. "बार एकोणचाळीस. पहिलं व्हायोलिन. डी, पाव. ई-फ्लॅट, पाव. वर कमान. ठिपका." "ठिपका की रेघ?" "थांब, भिंग दे." फ्लॅट म्हणजे कोमल, पाव ही स्वराची लांबी, कमान म्हणजे स्वर जोडून वाजवायचे, ठिपका म्हणजे तोडून, रेघ म्हणजे आणखी तुटक. एका ठिपक्यावर अर्धी सकाळ जायची. पारूताई पाण्याची कळशी घेऊन मागच्या दारानं यायच्या आणि हसायच्या. "तुमचा सारका बार, बार, बार. पनवेलला पन येवढं बार नाय." बाई पोट धरून हसायच्या. त्यांचं ते हसणं मला आठवतं. समोरचे दोन दात जरा पुढे, आणि हसताना पेन्सिल कानामागून हटकून खाली पडायची.

त्या घरात मी जितकी सुखी होते तितकी नंतर कधी झाले नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं वाचून कुणाला वाटेल की मी त्या कामाला कंटाळले होते.

*

तो स्वर दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे आहे. कॉन्चेर्टोचे तीन भाग. मधला संथ, जी मायनरमधला. आपल्या भाषेत सांगायचं तर जी हा सा मानला तर गंधार म्हणजे बी, आणि तो इथे कोमल. सगळा भाग त्या कोमल गंधाराभोवती फिरतो, दुखऱ्या जागेवरून जीभ फिरावी तसा. मग शेवटून चौथा बार येतो, एकशे बारावा. पियानो एकटा वर चढतो आणि गंधारावर थांबतो. पुढच्या तीन बारांत व्हायोलिनं फक्त सा आणि पंचम धरतात, गंधार नाहीच. म्हणजे तो भाग संपताना उजेड आहे की अंधार, हे त्या एका स्वरावर ठरतं.

पियानोच्या कागदावर तिथे शुद्ध गंधाराची खूण होती. व्हायोलिनच्या कागदावर, त्याच बारात, वादकाला कळावी म्हणून बारीक लिहिलेल्या पियानोच्याच ओळीत, काही खूण नव्हती, म्हणजे कोमल. दोन्ही एकदम बरोबर असणं शक्य नाही. बाईंनी फार पूर्वीच ठरवलं होतं: शुद्ध. त्या काळी दुःखी रचनेच्या शेवटी असा शुद्ध गंधार लावायची रीत होती, आणि व्हायोलिनच्या कागदावर खूण द्यायची राहून गेली असणार. ही टीप त्यांच्या सगळ्या टिपांत सुंदर होती. दीड पान. ती मी तीनदा बसवली होती. मला पाठ होती.

जर्मनीतल्या एका लहान प्रकाशनानं पुस्तक छापायचं मान्य केलं. दिवाळीनंतरच्या सोमवारी शेवटची फाइल पाठवायची होती. ती तारीख दोनदा पुढे ढकलून झाली होती, आणि तिथल्या संपादिकेनं अगदी नम्रपणे कळवलं होतं की तिसऱ्यांदा जमणार नाही.

त्याच वर्षी बाईंचं विसरणं सुरू झालं.

आधी चष्मा, गॅस, वारांची नावं. मग एके दिवशी त्यांनी मला "कुमुद" म्हणून हाक मारली. कुमुद ही त्यांची धाकटी बहीण. कॉलेजात असताना गेलेली. मी ओ दिली, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. नंतर कामातही ते शिरलं. पहिल्या भागातली एक कमान त्यांनी सोमवारी काढायला सांगितली, मंगळवारी घालायला, गुरुवारी परत काढायला. प्रत्येक वेळी तितक्याच ठामपणे. एका सकाळी त्यांनी ओबोच्या सगळ्या रेघांचे ठिपके करायला लावले आणि जेवणानंतर विचारलं, "हे ठिपके कुणी केले? डोकं फिरलंय का?"

"तुम्हीच सांगितलं होतं बाई."

त्यांना आठवत नव्हतं, पण मी खोटं बोलत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्या दोन गोष्टींचा मेळ घालताना त्यांचा चेहरा जो झाला, तो मला पुन्हा बघायचा नव्हता. त्या दिवसापासून मी वाद घालणं सोडलं. त्या म्हणाल्या बदल कर, की "केला बाई" म्हणायचं आणि फाइलला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्या विसरायच्या. कमान होती तिथेच राहायची. माझ्या मते मी त्यांच्या तीस वर्षांच्या कामाला त्यांच्या शेवटच्या सहा महिन्यांपासून वाचवत होते. हे मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलं होतं की ते मला चांगलं कृत्य वाटू लागलं होतं.

आज वाटतं, पहिल्या वेळीच कुणीतरी मला थांबवायला हवं होतं. पण त्या घरात आम्ही दोघीच. आणि पारूताईंना ठिपका आणि रेघ यांच्याशी काय देणंघेणं!

*

दिवाळी नऊ दिवसांवर होती. शेतात कापणी चालू. पारूताई, त्यांची जाऊ आणि दोन मजूर बायका सकाळपासून वाकलेल्या. विळ्यांचा खसखस आवाज पडवीपर्यंत यायचा. कापलेलं भात आडवं पसरून ठेवलेलं, दोन दिवस उन्हं खाऊन वाळावं म्हणून. ऊन असं की पडवीतल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता.

आम्ही दुसरा भाग शेवटचा ताडून बघत होतो. बाई वाचत होत्या. एकशे नऊ, दहा, अकरा. एकशे बाराव्या बाराशी आल्या आणि थांबल्या. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. बोटानं ती खूण चाचपली. मी पेन्सिल टेकवून वाट बघत होते.

तेवढ्यात मागून पारूताईंची आरोळी आली. डोंगरावरून काळा ढग उतरत होता. परतीचा पाऊस. कापलेलं सगळं उघड्यावर.

मी उठायच्या आत बाई उठल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, साडीचा पदर खोचून, अनवाणी, सरळ शेतात. "बाई, पडाल!" मी ओरडत मागे धावले. त्यांनी ऐकलं नाही. पेंढ्या कवेत घ्यायच्या, बांधावरून पारूताईंच्या पडवीत नेऊन टाकायच्या, परत यायचं. भाताच्या पात्यांनी हात कापत होते. पहिले थेंब पडले ते रुपयाएवढे. पारूताई रडत होत्या आणि शिव्या देत होत्या, पावसाला आणि स्वतःला, आजच कापलं म्हणून. निम्मं आत आलं. निम्मं आमच्या डोळ्यांदेखत भिजलं, मग पाण्यावर तरंगलं.

आम्ही घरात आलो तेव्हा बाईंच्या केसांतून पाणी गळत होतं आणि दंडावर बारीक लाल रेघा उठल्या होत्या. मी टॉवेल आणायला वळले. त्या तशाच ओल्या साडीनं पियानोशी बसल्या आणि एकशे बारावा बार वाजवला. शुद्ध गंधारानं. मग कोमल. मग परत कोमल.

"कोमल आहे," त्या म्हणाल्या.

"काय बाई?"

"कोमल आहे गं हा. त्यानं इथे बी असं अक्षर लिहिलं असणार. नक्कल करणाऱ्याला ती खूण वाटली. अक्षर होतं ते."

आता हे समजावून सांगते, कारण तेव्हा मी समजून घेतलं नाही. जर्मन लोक कोमल बीला नुसतं ‘बी’ म्हणतात. शुद्ध असेल तर ‘एच’. जुन्या हस्तलिखितांत एखादा स्वर शाई सांडून अस्पष्ट झाला की रचनाकार वर त्याचं अक्षर लिहून ठेवायचा. आणि घाईत लिहिलेलं टोकदार ‘बी’ हे अक्षर शुद्ध स्वराच्या खुणेसारखंच दिसतं. बाईंनी ते मूळ पान कधी पाहिलेलं नव्हतं. समोर होती ती नक्कल, आणि नकलेत खूण स्वच्छ होती. तीस वर्षं ती खूण बघत आलेल्या त्यांच्या डोळ्यांना, त्या दुपारी, तिच्या मागचं अक्षर दिसलं.

मला दिसली ती ओली साडी. सकाळीच मला दोनदा कुमुद म्हणालेली म्हातारी बाई. आणि दीड पानांची ती टीप, जी आता काढून नव्यानं लिहावी लागली असती. ती त्या लिहू शकल्या नसत्या. त्यांना एक परिच्छेद सलग लिहिता येत नव्हता आताशा. म्हणजे मीच लिहायची, त्यांच्या नावावर, दोन आठवड्यांत. आणि ही मी कोण? लग्नपत्रिका बसवणारी.

"बदल करशील ना?"

"करते बाई. आधी साडी बदला."

त्यांनी साडी बदलली. मी चहा केला. चहा पिताना त्यांनी परत विचारलं, "केलास?"

"केला."

"टीप?"

"तीही करते."

"ती टीप चांगली होती," त्या म्हणाल्या. "वाईट वाटतं. पण चूक ती चूक."

या वाक्यावरून तरी मला कळायला हवं होतं. भ्रमातलं माणूस आपल्याच लाडक्या दीड पानांवर असं पाणी सोडतं का? कमानींच्या वेळी त्यांच्या बोलण्यात कारण नसायचं. या वेळी होतं. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही. बाहेर पारूताईंची जाऊ पाण्यातून पेंढ्या उचलून बांधावर ठेवत होती, आणि त्या खाली घसरत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई विसरतील असं मला वाटलं होतं. त्या विसरल्या नाहीत. रोज विचारायच्या. "एकशे बारा झालं ना?" ठरल्या सोमवारी फाइल गेली, शुद्ध गंधारासकट, दीड पानांच्या सुंदर टिपेसकट.

*

पुस्तक यायला वर्षाहून जास्त लागलं. तोवर बाईंची नजर जवळजवळ गेली होती, आणि बाकीचंही बरंच. पारूताई आता दिवसभर त्यांच्याजवळ असायच्या. बाईंच्या पुण्याच्या भाच्यानं तशी व्यवस्था लावली होती. निळ्या कापडी बांधणीचा तो जाड ग्रंथ मी त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी त्याचा वास घेतला. कडांवरून बोटं फिरवली. आपलं नाव कुठे आहे ते विचारून तिथे तळहात ठेवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मग म्हणाल्या, "एकशे बारा वाच."

मी पान काढलं. समोर शुद्ध गंधार छापलेला होता, काळा, टपोरा, निःशंक.

"डी. जी," मी वाचलं. "बी-फ्लॅट."

तीन वर्षं आम्ही एकमेकींना वाचून दाखवत आलो होतो. त्यात चुका झाल्या, ओळी सुटल्या, पण कागदावर नसलेला स्वर आमच्यापैकी कुणी कधी वाचला नव्हता. त्या कामाचा तेवढा एकच नियम होता.

"छान," बाई म्हणाल्या. "तू होतीस म्हणून झालं हे."

घरी येताना रिक्षात मी ते पुस्तक पिशवीत उलटं ठेवलं होतं. कशापासून लपवत होते, माहीत नाही.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर संपता संपता, त्या संपादिकेचं पत्र आलं. त्याच गावच्या चर्चमध्ये, दुसऱ्याच एका वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला एक कागद निघाला होता. रचनाकाराच्या हातचा कच्चा खर्डा, संथ भागाचा शेवट. सोबत छायाचित्र होतं. मी ते मोठं करून बघितलं. एकशे बाराव्या बारात शाईचा डाग. डागावर टोकदार, घाईत काढलेलं अक्षर. ‘बी’. आणि पुन्हा डाव्या हाताच्या ओळीत, तिथे डाग नव्हता तरी, खात्रीसाठी, परत ‘बी’.

संपादिकेनं लिहिलं होतं, असं होतं कधीकधी, बाईंचा तर्क त्या वेळच्या पुराव्यांवरून योग्यच होता, आपण एक शुद्धिपत्र जोडू, मजकूर कळवावा.

मी मजकूर पाठवला. छपाईपूर्वी ग्रंथाच्या संपादिकेनं, म्हणजे आमच्या बाईंनी, हा स्वर कोमल असल्याचं कारणासह सांगितलं होतं. सहायिकेनं ते त्यांना न कळवता वगळलं. खाली माझं नाव. हे तीन वाक्यांत इंग्रजीत लिहायला मला दोन दिवस लागले. उत्तर लगेच आलं. आपल्या भावना समजतात, पण शुद्धिपत्रात असे तपशील देण्याची पद्धत नाही. न विकल्या गेलेल्या प्रतींत एक चिठ्ठी घालण्यात आली: बार ११२, पियानो, बी-फ्लॅट वाचावे. बस. कुणाची चूक, कुणाला आधी कळलं होतं, काही नाही. विकल्या गेलेल्या प्रती तर तशाच राहिल्या. बाईंच्या नावावर ती दीड पानांची टीप कायमची राहिली, एका हुशार बाईची हुशार चूक म्हणून. ती चूक त्यांनी स्वतः, भिजलेल्या साडीनं, पियानोशी बसून दुरुस्त केली होती, हे मी आणि ती संपादिका सोडून जगात कुणाला माहीत नाही.

गेल्या मार्चमध्ये कुणा तरुण मुलीनं आमच्या पुस्तकावरून तो कॉन्चेर्टो वाजवला. इंटरनेटवर मिळाला. दुपारी कुकर लावून मी स्वयंपाकघरातच ऐकला. एकशे बाराव्या बाराशी ती क्षणभर थांबली आणि शुद्ध गंधार असा अलगद ठेवला, की माझ्याही अंगावर काटा आला. खाली लोकांनी लिहिलं होतं, तो शेवटचा उजेड ऐकून रडू आलं. किती तरी जणांनी लिहिलं होतं. मी प्रत्येकाला उत्तर द्यायला बसले आणि दोन ओळींनंतर थांबले. काय सांगणार? हा उजेड रचनाकारानं लिहिलेला नाही. पनवेलच्या एका बाईनं आळसापोटी ठेवलाय?

आळस म्हणणंही स्वतःला सवलत देणं आहे. मला त्यांची कीव आली होती. त्यांचं म्हणणं खरं असू शकतं, हे मी त्या किवेमुळे धरलंच नाही.

*

खर्ड्याचं छायाचित्र आलं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मी नेऱ्याला गेले. खळ्यावर झोडणी चालू होती. फळीवर पेंढ्या आपटल्याचा ठेका सुरू होता आणि हवेत बारीक तूस उडत होतं. बाई पडवीत खुर्चीत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. पियानोचं झाकण बंद, त्यावर औषधांचे डबे. आतला दिवा कधीच विझलेला.

"आता कायपन समजत नाय त्यांना," पारूताई म्हणाल्या. "पन बसा तुमी. बोला. बोललेलं बरं वाटतं."

मी खुर्चीशेजारी खाली बसले. कागदाची गोष्ट सांगितली. पुठ्ठा, डाग, अक्षर. मला वाटलं, पोचत नाहीये. पण ‘बी’ म्हटल्यावर त्यांनी मान वळवली.

"अक्षर होतं ना?" त्या म्हणाल्या.

"हो बाई. अक्षरच होतं. तुमचं बरोबर होतं."

"मग! मी सांगितलं होतं रोहिणीला. तिनं केला तो बदल. लगेच केला." आवाज खणखणीत होता, वर्गात असावा तसा. "तुम्ही तिला ओळखता? फार नेकीची मुलगी. तिनं केला म्हटलं की झालं."

मी त्यांचा हात धरला. "बाई, मीच रोहिणी. मी तो बदल केला नाही. केला म्हणून सांगितलं, पण केला नाही. पुस्तकात चुकीचं छापलंय."

त्यांनी हात काढून घेतला. त्यांच्या अधू डोळ्यांनी त्या माझा चेहरा शोधत राहिल्या, अगदी जवळ येऊन, एके काळी ठिपका की रेघ ते शोधायच्या तशा. आणि मग त्यांचा चेहरा कठोर झाला.

"कोण आहात तुम्ही?"

"रोहिणी, बाई."

"खोटं बोलताय. रोहिणीबद्दल असं बोलायचं नाही माझ्या घरात. तिनं तीन वर्षं..." त्यांना धाप लागली. "पारू! पारू, यांना बाहेर काढ. या बाई रोहिणीचं वाईट बोलतायत."

पारूताई हातातलं सूप टाकून धावत आल्या. बाईंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी चपला हातात घेऊनच पायऱ्या उतरले.

त्यानंतर मी चार वेळा गेले. मला वाटलं होतं, त्यांना सगळंच विसरायला होतं तसं हेही होईल. मी नवी म्हणून जाईन, नुसती शेजारी बसेन, काही बोलणार नाही. पहिल्या वेळी मी फाटकातून आत आले तशी त्यांनी मान फिरवली. दुसऱ्या वेळी त्या उठून आत निघाल्या, भिंत चाचपत. तिसऱ्या वेळी मी केस वेगळे बांधले होते, चष्मा काढला होता. पावलांच्या आवाजावरूनच त्यांना कळलं. चौथ्या वेळी त्या अंथरुणावर होत्या, आणि मी दारात उभी राहताच त्यांनी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

पारूताई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. शेतात कापणीनंतरचे नुसते खुंट उरले होते.

"वाईट नका वाटून घेऊ, बाय," त्या म्हणाल्या. "पुन्याचा भाचा आलेला परवा, त्याला वळखलं नाय. मला पन रोज इचारतात, तू कोन म्हनून. आता कुनालाच वळखत नाय त्या." मग त्यांनी फाटकाची कडी लावली. "तुमाला तेवढं वळखतात."

मी रस्त्याला लागले.